एका पंगतीचा संसार : कर्मवीर भाऊराव पाटील

दक्षिण महाराष्ट्रातील जैन समाज हा मुख्यतः शेतकऱ्यांचा समाज. वारणा आणि कृष्णेच्या काठची काळी जमीन कसणारा, व्रतवैकल्ये निष्ठेने पाळणारा आणि सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत एकेकाळी अत्यंत कर्मठ असलेला. कर्मवीर भाऊराव पाटील याच समाजात जन्मले. त्यांचे नाव आज आपण अभिमानाने घेतो. परंतु त्यांच्या तरुणपणी याच समाजाने त्यांना आपल्या वसतिगृहाचे दार बंद केले होते. ही आठवण सुवर्णमहोत्सवाच्या आनंदात बाजूला ठेवण्यासारखी नाही. भाऊरावांच्या आयुष्याची दिशा त्या बंद दारापासूनच ठरली.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, आजोळी झाला. बाहुबलीच्या डोंगरालगतचे हे गाव. घराणे मात्र वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यातले. वडील पायगोंडा सरकारी नोकरीत होते, आई गंगाबाई. वडिलांच्या बदल्यांमुळे शाळा बदलत राहिल्या. अभ्यासापेक्षा तालमीत, पोहण्यात आणि सवंगड्यांत या मुलाचे मन अधिक रमे. शरीर थोराड, स्वभाव हूड, पण अन्याय दिसला की हात आवरत नसे. अस्पृश्यांना पाणी भरू देत नाहीत म्हणून विहिरीचा रहाट मोडून टाकल्याची त्यांच्या बालपणीची कथा अजूनही सांगितली जाते. हा मुलगा पुढे शेकडो शाळांचा जनक होईल, असे त्या काळी कोणी म्हटले असते तर घरचेच हसले असते.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्या काळी निरनिराळ्या जातींच्या वसतिगृहांना उदार आश्रय दिला होता आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृहाची स्थापना झाली होती. त्या वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध झाल्याशिवाय भोजनगृहात येऊ नये, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी स्नान करण्यास नकार दिला. परिणामी बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगची व्यवस्था पाहणारे अण्णासाहेब लठ्ठे हे विद्वान, समाजसुधारणेची कळकळ असलेले गृहस्थ होते. तरीही शिस्तीपुढे त्यांनी या मुलाची गय केली नाही. शाहू महाराजांनी त्याला आधार दिला. भाऊरावांचे शालेय शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. परंतु जेवणाच्या पंक्तीतून उठवले जाणे म्हणजे काय, याचे शिक्षण त्यांना पुरेपूर मिळाले होते.

१९१४ साली कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण गाजले. संशय लठ्ठ्यांवर घेण्यात आला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यासाठी भाऊरावांवर दडपण आले. ज्याने आपल्याला बोर्डिंगबाहेर काढले, त्याचा सूड घेण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. कोठडीत त्यांचा अतोनात छळ झाला, जीव नकोसा व्हावा इतका. तरीही ते बधले नाहीत. हेच लठ्ठे पुढे १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. वैराला वैराने उत्तर न देण्याचे व्रत आपण प्रवचनांतून नित्य ऐकतो. भाऊरावांनी ते कोठडीत आचरले.

तत्पूर्वीच १९१० च्या सुमारास मिरज तालुक्यातील दुधगाव येथे काही मित्रांच्या साहाय्याने त्यांनी विद्यार्थी आश्रम उभारण्यात भाग घेतला होता. सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहून शिकावे, हा त्यामागील हेतू. कामाचा आवाका लहान, पण पुढील साऱ्या वटवृक्षाचे बीज सांगली जिल्ह्याच्या या गावात पडले, हे आवर्जून नोंदवावयास हवे.

उपजीविकेसाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या. पाटील मास्तर म्हणून लोक त्यांना ओळखू लागले. पुढे ओगलेवाडीच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्याचे काम त्यांनी पत्करले. चरित्रकार हा काळ दोन ओळींत आटोपतात. परंतु व्यापाराची जाण असलेल्या माणसाला त्याचे मोल कळेल. लाकडी नांगरावर पिढ्यानपिढ्या विसंबलेल्या शेतकऱ्याला लोखंडी नांगर घ्यावयास लावणे हे सोपे काम नव्हते. त्यासाठी त्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याची भाकरी खावी लागते, आधी त्याची अडचण ऐकावी लागते आणि मालाची गोष्ट शेवटी काढावी लागते. सातारा आणि सांगलीकडील गावे भाऊरावांनी अशी एकेका ओसरीवरून ओळखून घेतली. पुढे शाळेसाठी जागा, धान्य आणि मुले मागावयास ते त्याच गावांत गेले, तेव्हा कोणाला स्वतःची ओळख करून देण्याची त्यांना गरज पडली नाही. या फिरस्तीत त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. घरोघर कंदील पोहोचत होता, पण त्या उजेडात वाचणारा कोणी नव्हता.

सत्यशोधक विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. कऱ्हाडनजीक काले येथे सत्यशोधक समाजाची परिषद भरली आणि त्यानंतर ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीला, रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष, ब्रीद स्वावलंबनाचे. १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले आणि तेथे वसतिगृह सुरू झाले. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. येथील एकोपा पाहून गांधीजींनीही समाधान व्यक्त केले.

या वसतिगृहात नेमके काय घडत होते, ते नीट समजून घेतले पाहिजे. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान, धनगर, रामोशी अशा सर्व घरांतील मुले तेथे एका छपराखाली राहत. स्वयंपाक मुलेच आळीपाळीने करीत. ज्याच्या सावलीचाही विटाळ मानण्याचा तो काळ, त्याच्या हातची भाकरी शेजारच्या मुलाने खावयाची आणि दुसऱ्या दिवशी त्याला आपल्या हातची वाढावयाची. पाणी आणणे, झाडलोट, शेतातील कामे, खडी फोडणे, भिंती उभारणे, सारे सर्वांनी मिळून. त्यातून शिक्षणाचा खर्चही भागे. पुढे कमवा आणि शिका या नावाने महाराष्ट्रभर ख्याती पावलेली योजना ती हीच. अस्पृश्यतेविरुद्ध भाषणे अनेकांनी केली. भाऊरावांनी भाषणापेक्षा भोजनगृहावर भिस्त ठेवली. गावाकडून आलेले दहाबारा वर्षांचे पोर आईच्या आठवणीने रात्री मुसमुसते, तेव्हा त्याला पुस्तकाआधी माणूस हवा असतो. जवळ निजलेल्या मुलाने पांघरूण सावरले, त्याच्याबरोबर घाम गाळला, एका ताटात जेवला, की मग जात विचारण्याचे भान कोणाला उरते? पोटभर जेवण, अंगमेहनत आणि जिवाभावाची सोबत यांनी मुले अंगाने भरली आणि मनाने धीट झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली सामाजिक नात्यांच्या प्रश्नावर स्वतंत्र आयोग नेमला आणि जगातील दर सहा माणसांमागे एक एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे २०२५ च्या अहवालात सांगितले. एकाकीपणा शरीरालाही पोखरतो, हे आता सिद्ध झाले आहे. साताऱ्याच्या वसतिगृहात त्यावरील उपाय शंभर वर्षांपूर्वी शिजत होता.

या पंगतीचा खरा भार ज्यांनी उचलला त्या लक्ष्मीबाई. कुंभोजच्या सधन पाटील घराण्यातील ही कन्या कडक सोवळ्याच्या वातावरणात वाढली होती. सर्व जातींची मुले घरात आली, तेव्हा आपले संस्कार बाजूला सारताना त्यांच्या मनाला किती यातना झाल्या असतील, याची कल्पनाच केलेली बरी. पण एकदा त्या मुलांना आपले म्हटल्यावर त्यांनी हात आखडता घेतला नाही. आजारी मुलाच्या उशाशी त्या बसत. धान्य संपले, उधारी थकली, की अंगावरचा एकेक दागिना जाई. अखेरीस मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून त्यांनी मंगळसूत्रही दिले. जैन परंपरेत आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान अशी चार दाने सांगितली आहेत. या एका घरात ती चारही नित्य चालली होती. मात्र हिशेब एका बाजूनेच लिहिणे योग्य नव्हे. भाऊरावांनी जगाचा संसार मांडला तेव्हा स्वतःच्या संसाराचा जमाखर्च कधी मांडलाच नाही, आणि जे स्त्रीधन संस्थेच्या चुलीत गेले त्याची भरपाई लक्ष्मीबाईंना या जन्मी मिळाली नाही. मार्च १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. तेव्हा संस्थेचे मोठे विद्यालय वा महाविद्यालय एकही उभे नव्हते. पुढचे वैभव त्यांनी पाहिलेच नाही.

त्यानंतर कामाने वेग घेतला. १९३२ साली पुणे करार झाला आणि त्याची स्मृती म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. १९३५ मध्ये साताऱ्यात शिक्षक घडविणारे अध्यापक विद्यालय सुरू झाले, कारण खेड्यात शाळा काढावयाची तर खेड्यात टिकणारा गुरुजी आधी हवा. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज, १९५४ साली कऱ्हाडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज. शिवाजी महाराजांचे नाव बदलून आपले नाव देण्याच्या अटीवर मोठी देणगी देऊ करणाऱ्यास त्यांनी विन्मुख पाठविले, ही हकीकत प्रसिद्धच आहे. देणगी घेताना अट तपासून पाहावी, हे संस्था चालविणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्यापासून शिकावे.

पैसा आला तो मुख्यतः लहान हातांतून. गावातील बायाबापड्या दळणातले मूठभर धान्य रोज बाजूला काढून ठेवीत आणि ते संस्थेच्या मुलांसाठी जाई. मुठीचा हा निधी रकमेने मोठा नसेल. परंतु जिने रोज मूठ काढली तिला ते वसतिगृह आपले वाटू लागले. १९४८ साली भाऊरावांच्या स्पष्टवक्तेपणामुळे सरकारची खप्पामर्जी झाली आणि संस्थेचे अनुदान थांबले, तेव्हा हीच माणसे उपयोगी पडली. अण्णा गावोगाव फिरले, लोकांनी जमेल तसे दिले, शाळा बंद पडल्या नाहीत. गाडगे महाराजांसारखे स्नेही पाठीशी राहिले. कालांतराने अनुदान पुन्हा सुरू झाले.

मुले त्यांना अण्णा म्हणत. भव्य देह, पांढरी दाढी, अंगावर खादी आणि हाती काठी. रागावले की भिंती हादरत. पण तोच माणूस जेवताना पंक्तीतून फिरून कोणाच्या ताटात काय पडले ते पाही. त्यांच्या वसतिगृहांतून शिकलेली मुले पुढे प्राध्यापक, वकील, अधिकारी झाली. तासगाव तालुक्यातील कवठे एकंदचे पी. जी. पाटील तर विलायतेत बॅरिस्टर होऊन परतले आणि संस्थेच्याच सेवेत रमले.

१९५९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने डी. लिट्. ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांची प्राणज्योत मालवली. साताऱ्यास संस्थेच्या आवारात त्यांची समाधी आहे. २२ सप्टेंबरला तेथे मुलांची रीघ लागते. कोण कोणत्या घरातून आले आहे, हे त्या रांगेकडे पाहून ओळखता येत नाही.