गिअरच्या तेलावर नांगर उचलणारे हॅरी फर्ग्युसन

मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्या पाहण्यात आहेच. त्यातले दुसरे नाव ज्या माणसाचे, त्याची माहिती मात्र थोड्यांनाच असते. (पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजशी या गृहस्थांचा काही संबंध नाही. ते नाव मुंबईच्या एका गव्हर्नरचे.) आपला ट्रॅक्टर कोणत्याही कंपनीचा असो, मागची लिफ्ट आणि तीन ठिकाणी जोडलेला नांगर ही पद्धत रूढ केली ती याच माणसाने.

हॅरी फर्ग्युसन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८४ रोजी आयर्लंडमधील डाऊन परगण्यात झाला. घर शेतकऱ्याचे, भावंडे अकरा. पण पोराला शेतातली ढोरमेहनत मनापासून नकोशी होती. १९०२ मध्ये घर सोडून तो बेलफास्टला भावाच्या सायकल-मोटार दुरुस्तीच्या दुकानात गेला. पुढे त्यांनी स्वतः विमान बांधले आणि ३१ डिसेंबर १९०९ रोजी ते उडवूनही दाखवले. १९११ मध्ये स्वतःचा मोटारींचा धंदा काढला.

सोडलेल्या शेतीशी पुन्हा गाठ पडली ती पहिल्या महायुद्धात. १९१७ मध्ये आयर्लंडच्या शेती खात्याने त्यांच्यावर ट्रॅक्टरांच्या देखभालीचे काम सोपवले. विली सँड्स या हुशार कारागिराला बरोबर घेऊन ते गावोगाव फिरले. त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे गाडीसारखा नुसता ओढला जाई. फाळ खडकात अडकला की नांगर जागचा हलेना आणि इंजिन थांबेना. मग ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जात आणि तो मागे उलटून चालकाच्या अंगावर पडे. यात माणसे मेली. आजही कोणी टॉप लिंकच्या जागेला साखळी अडकवून रुतलेली ट्रॉली ओढायला गेला तर नेमके हेच होते. ओढायचे ते खालच्या हुकालाच, हे आपल्या ड्रायव्हरला बजावून ठेवा.

फर्ग्युसन यांनी यावर वीस वर्षे घालवली. नांगर खाली दोन आणि वर एक अशा तीन दांड्यांनी ट्रॅक्टरलाच जोडला आणि तो उचलायला तेलाचा दाब वापरला. जमीन कठीण लागली की वरची दांडी पुढे रेटली जाते, त्या रेट्याने ट्रॅक्टरचे तोंड खाली दाबले जाते आणि लिफ्ट नांगर थोडा वर घेते. नांगराचे वजन मागच्या चाकांवर येत असल्याने हलका ट्रॅक्टरही पकड धरतो. या पद्धतीचा पहिला ट्रॅक्टर १९३६ मध्ये डेव्हिड ब्राऊन यांच्या कारखान्यातून बाजारात आला.

१९३८ मध्ये अमेरिकेत हेन्री फोर्ड यांना प्रात्यक्षिक दाखवले. दोघांनी हातात हात दिला आणि कागद न करता करार ठरला. आपल्याकडे बांधाचा वादही पंचनामा केल्याशिवाय मिटत नाही, इथे तर लाखो ट्रॅक्टरांचा व्यवहार! १९४७ मध्ये फोर्ड यांच्या नातवाने तो मोडला आणि हीच लिफ्ट लावून आपला ट्रॅक्टर काढला. फर्ग्युसन कोर्टात गेले. १९५२ मध्ये ९२ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली.

दरम्यान १९४६ पासून इंग्लंडातल्या कॉव्हेंट्रीत त्यांचा राखाडी रंगाचा टीई-२० तयार होऊ लागला होता. १९५६ पर्यंत तो पाच लाखांवर निघाला. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जानेवारी १९५८ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच ट्रॅक्टरांवर.

आता टीई-२० मधली एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. लिफ्टचा पंप त्यांनी मागच्या पेटीतच, तेलात बुडवून बसवला. गिअर, मागचा धुरा आणि लिफ्ट या तिन्हींना तेल एकच. ही सोय स्वस्त आणि सुटसुटीत, पण तेल कमी पडले तर नुसते गिअर वाजत नाहीत, नांगरही उचलत नाही. आजच्याही कित्येक ट्रॅक्टरांत अशी सामाईक पेटी असते. लिफ्ट धक्के देत उचलू लागली की आपण मेस्त्री बोलावून ती खोलायला घेतो. त्याआधी औजार खाली टेकवा, ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा, इंजिन बंद करून डिपस्टिक पाहा. इंजिनाच्या तेलासारखे हे तेल जळत नाही. कमी झाले म्हणजे ते कुठेतरी गेले. धुऱ्याचे सील फुटून ब्रेकवर उतरले असेल, नाहीतर ट्रॉलीच्या जॅकमध्ये राहिले असेल. एकच ट्रॉली चार ट्रॅक्टरांना जोडली तर चौघांचे तेल आणि त्यातली घाण आपल्या गिअरपेटीत येते, याकडे फारसे कोणी बघत नाही. तेल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे, ते बदलायलाच हवे. बदलताना ट्रॅक्टर थोडा चालवून तेल कोमट करा आणि मग काढा, म्हणजे गाळही निघेल. नवे भरताना पुस्तकात दिलेल्याच प्रतीचे भरा. स्वस्तात मिळाले म्हणून भलतेच जाड तेल ओतले तर पंपाला ते ओढता येत नाही. भरून झाल्यावर लिफ्ट चार-पाच वेळा वरखाली करा आणि लेव्हल पुन्हा पाहा.

१९५३ मध्ये फर्ग्युसन यांनी धंदा मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन केला. सौद्यात १० लाख डॉलरवरून अडले, तेव्हा नाणे उडवले आणि ते हरले. वर्षभरात कंपनीतून बाहेर पडून ते मोटारींच्या चारही चाकांना ताकद देण्याच्या खटपटीला लागले. २५ ऑक्टोबर १९६० रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी मद्रासला टॅफे कंपनी स्थापन झाली, आणि पुढे तिच्या कारखान्यातून निघालेले मॅसी फर्ग्युसन आपल्या शिवारात आले.