सुभेदार मल्हारराव होळकर

नीरेकाठच्या होळ गावी १६९३ साली जन्मलेले मल्हारराव बालपणीच पित्यास अंतरले आणि मातेसह खानदेशात तळोदे येथे मामांच्या आश्रयास गेले. मेंढरे राखणारा हा मुलगा पुढे थोरल्या बाजीरावांचा भरवशाचा सरदार झाला. १७३९ साली वसईच्या मोहिमेत चिमाजी आप्पांसमवेत ते पोर्तुगिजांविरुद्ध लढले. माळव्यात होळकरांचे राज्य त्यांनीच उभारले.

१७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात त्यांचा एकुलता एक पुत्र खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडला. अहिल्याबाई सती जावयास निघाल्या. असंख्य रणे पाहिलेल्या त्या वीराने सुनेची विनवणी करून तिला परत फिरविले. नातू मालेराव आणि नात मुक्ताबाई यांना मातेची सावली राहिली.

त्यानंतर हिशेब, न्यायनिवाडा व लष्कराची व्यवस्था सुभेदारांनी सुनेच्या हाती देण्यास आरंभ केला. १७६५ साली उत्तरेच्या मोहिमेत तोफखाना व दारूगोळ्याची तजवीजही पत्राने तिजवर सोपविली.

१७६१ साली पानिपतचे रण सोडल्याचा बोल त्यांना लागला. तो वाद अद्यापि मिटलेला नाही. त्याच वर्षी पत्नी गौतमाबाई निवर्तल्या. २० मे १७६६ रोजी आलमपूर येथे सुभेदारांचे देहावसान झाले. गादीवर आलेला मालेरावही १७६७ साली वारला.

नातू गेला, परंतु सून उरली. अहिल्याबाईंनी १७९५ पर्यंत राज्य सांभाळले आणि काशी विश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभविले. देवस्थानांतून त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्या नावामागे कुंभेरीच्या छावणीतील एका वृद्ध सासऱ्याची विनवणी आहे, हेही स्मरणात असावे.