वॉर्साचे अभियंता महापौर

पिओत्र जेव्येत्स्की यांचा जन्म १८६५ साली वॉर्सात झाला, तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो वाटून घेतला होता आणि वॉर्सा झारच्या अमलाखाली होते. अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी त्यांना राज्यकर्त्यांच्याच पीटर्सबर्गला जावे लागले. आपल्याकडील त्या पिढीला हे काही नवे वाटले नसते! परतल्यावर १८९३ मध्ये येझिओरान्स्की या सहकाऱ्यासमवेत त्यांनी इमारतींत उष्णता, हवा व पाणी खेळविणारी यंत्रणा बसविण्याचा व्यवसाय थाटला आणि त्यात नाव मिळविले.

१९१५ साली रशियन गेले, जर्मन आले. परक्या लष्कराच्या नजरेखाली नगराचा गाडा चालविणाऱ्यांत जेव्येत्स्की होते. १९१८ च्या नोव्हेंबरात देश स्वतंत्र झाला तेव्हा वॉर्साचे महापौरपद त्यांच्याकडेच होते. तिजोरी रिकामी, लोक भुकेले; त्यात १९२० च्या ऑगस्टमध्ये लाल सेना वेशीपर्यंत येऊन ठेपली. ती परतविली गेली. १९२१ मध्ये त्यांनी पद सोडले.

पुढचे काम मात्र आम्हांस अधिक मोलाचे वाटते. तीन साम्राज्यांचे तुकडे जोडलेल्या देशात रेल्वेच्या रुळांची रुंदीसुद्धा एक नव्हती. अशा देशात १९२४ साली स्थापन झालेल्या प्रमाणीकरण समितीचे ते पहिले अध्यक्ष झाले.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी या वृद्धास अटक केली. १९४३ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, बर्लिनच्या तुरुंगात त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी, उठाव चिरडल्यावर, वॉर्सा घरामागून घर पाडण्यात आले.