स्नायूंच्या ऊर्जेपासून स्नायूदाहाच्या औषधापर्यंत : डॉ. सुब्बाराव

खुर्चीतून उठणे, जिना चढणे, केस विंचरणे यांसारखी साधी कामेही स्नायूदाहाच्या रुग्णाला अवघड होऊन बसतात. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच स्नायूंवर उलटते, तेव्हा हा विकार जडतो. त्यावर वापरल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेट या महत्त्वाच्या औषधामागे एका भारतीय संशोधकाची तपश्चर्या आहे, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. त्यांचे नाव डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव.

१२ जानेवारी १८९५ रोजी आंध्रातील भीमावरम येथे एका गरीब कुटुंबात त्यांचा जन्म झाला. तरुण वयातच स्प्रू या पचनसंस्थेच्या रोगाने त्यांच्या भावाचा घास घेतला. मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना गांधीजींच्या हाकेला प्रतिसाद देत त्यांनी खादी अंगीकारली. इंग्रज प्राध्यापकांची नाराजी ओढवली आणि एम.बी.बी.एस.ऐवजी एल.एम.एस. या कनिष्ठ पदवीवर समाधान मानावे लागले.

१९२३ मध्ये ते बोस्टनला पोहोचले. रुग्णालयात हलकीसलकी कामे करून त्यांनी उदरनिर्वाह केला. पुढे हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी रक्तातील फॉस्फरस मोजण्याची पद्धत १९२५ मध्ये सिद्ध केली. त्याच वाटेने स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि एटीपी ही ऊर्जाद्रव्ये उजेडात आली. एवढे कर्तृत्व गाजवूनही हार्वर्डने त्यांना कायमस्वरूपी पद दिले नाही.

१९४० मध्ये ते लेडर्ले कंपनीत दाखल झाले. त्यांच्या नेतृत्वाखालील चमूने फॉलिक अॅसिड प्रयोगशाळेत तयार केले. ज्या स्प्रूने भाऊ हिरावला, त्याच्यावर हे जीवनसत्त्व गुणकारी ठरले. फॉलिक अॅसिडच्या कार्यात अडथळा आणणारी अमिनोप्टेरिन व मेथोट्रेक्सेट ही औषधेही याच चमूची देणगी. डॉ. सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन वापरून रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या १६ मुलांवर उपचार केले आणि त्यांपैकी १० जणांना तात्पुरता उतार पडल्याचे १९४८ मध्ये जाहीर केले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या अवघ्या ५३व्या वर्षी, सुब्बाराव यांचे अमेरिकेत निधन झाले. मायदेशी परतण्याचा योग आलाच नाही. मेथोट्रेक्सेटने स्नायूदाहाच्या रुग्णांना दिलासा मिळाल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात आले ते १९६८ मध्ये. ते पाहण्यास ते हयात नव्हते.

आज या विकारात प्रथम स्टिरॉइड दिले जाते. त्याची मात्रा कमी करता यावी, यासाठी मेथोट्रेक्सेट किंवा अझाथायोप्रिनची जोड दिली जाते, तर बेताचा व्यायामही उपचाराचाच भाग मानला जातो. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून रोज घेतल्यास जिवावर बेतू शकते. यकृत व रक्ताच्या नियमित तपासण्या आवश्यक ठरतात. दुष्परिणाम रोखण्यासाठी सोबत जी गोळी लिहून दिली जाते, ती फॉलिक अॅसिडची. एकाच चिठ्ठीवरील ही दोन्ही औषधे एकाच माणसाच्या प्रयोगशाळेचे ऋण सांगतात.

१९९५ मध्ये, जन्मशताब्दीनिमित्त, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. नोबेलने मात्र त्यांना हुलकावणीच दिली.