विजय मर्चंट

विजय माधवजी मर्चंट (जन्म : मुंबई, १२ ऑक्टोबर १९११, मृत्यू : मुंबई, २७ ऑक्टोबर १९८७) हे भारतीय क्रिकेटपटू, निवड समितीचे अध्यक्ष आणि आकाशवाणीवरील क्रिकेट-भाष्यकार होते.

== पूर्वायुष्य ==
वस्त्रोद्योगातील सधन ठाकरसी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शाळेत वडिलांचा व्यवसायच आडनाव म्हणून नोंदला गेल्याने ते पुढे मर्चंट या नावाने ओळखले गेले.

== क्रिकेट कारकीर्द ==
१९३२ साली भारत इंग्लंडमध्ये आपला पहिला कसोटी सामना खेळला. महात्मा गांधी त्या वेळी कारावासात असल्याने मर्चंट यांनी या दौऱ्यावर जाण्याचे नाकारले. डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईत त्यांनी कसोटी पदार्पण केले. १९३६ साली मँचेस्टर येथे त्यांनी ११४ धावा काढल्या आणि मुश्ताक अलींसह २०३ धावांची सलामी दिली.

त्यानंतर महायुद्धामुळे भारताला १९४६ पर्यंत एकही कसोटी सामना खेळता आला नाही. ऐन उमेदीची ही वर्षे मर्चंट यांनी देशांतर्गत सामन्यांत घालवली. १९४७-४८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी त्यांची कर्णधारपदी निवड झाली होती. परंतु प्रकृतीच्या कारणास्तव त्यांना माघार घ्यावी लागली. नोव्हेंबर १९५१ मध्ये दिल्ली कसोटीत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांनी १५४ ही आपली सर्वोच्च कसोटी धावसंख्या उभारली. त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना खांद्याला झालेल्या दुखापतीने त्यांची कसोटी कारकीर्द संपली. अठरा वर्षांत त्यांच्या वाट्याला केवळ १० कसोटी सामने आले. त्यांत त्यांनी ४७.७२ च्या सरासरीने ८५९ धावा केल्या. प्रथम श्रेणी क्रिकेटमधील त्यांची सरासरी मात्र ७१.६४ असून, दीर्घ कारकीर्द असलेल्या फलंदाजांत ती डॉन ब्रॅडमन यांच्या खालोखाल मानली जाते.

== आकाशवाणी ==
निवृत्तीनंतर ते समालोचनाकडे वळले. जानेवारी १९६० मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर एका तरुणीने मैदानात धावत येऊन अब्बास अली बेग यांचे चुंबन घेतले. तेव्हा आपण शतके काढत होतो त्या काळी अशा तरुणी कोठे होत्या, असा मिस्कील प्रश्न त्यांनी समालोचनातून केला. विविध भारतीवरील ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ या कार्यक्रमामुळे, त्यांची फलंदाजी कधीही न पाहिलेल्या पिढीलाही ते परिचित झाले.

== निवड समिती व समाजकार्य ==
१९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी मन्सूर अली खान पतौडी यांच्याऐवजी अजित वाडेकर यांना कर्णधार करण्याचा निर्णय निवड समिती अध्यक्ष मर्चंट यांच्या निर्णायक मताने झाला. त्यावर टीका झाली. तथापि त्याच वर्षी भारताने वेस्ट इंडीज व इंग्लंड येथे प्रथमच कसोटी मालिका जिंकल्या. अंध व अपंगांच्या पुनर्वसनासाठीही मर्चंट यांनी दीर्घकाळ कार्य केले. १६ वर्षांखालील खेळाडूंची राष्ट्रीय स्पर्धा ‘विजय मर्चंट करंडक’ या नावाने खेळवली जाते.