रमाबाई रानडे आणि आमच्या फॉर्मातला एक रकाना

वर्धापनदिन जवळ आला, की स्मरणिकेच्या संपादिका हात धुवून माझ्या मागे लागतात. यंदा त्यांनी विषयही नेमून दिला: कोणा थोर स्त्रीचे चरित्र लिहा, आणि ते नव्या कार्यकर्त्यांच्या उपयोगी पडेल असे असू द्या. मी रमाबाई रानड्यांचे नाव सांगताच त्या किंचित हिरमुसल्या. रमाबाई कोणाला ठाऊक नाहीत, असे त्यांचे म्हणणे. खरे आहे. २०१२ साली दूरदर्शनसंचावर उंच माझा झोका ही मालिका आली आणि परकरी पोलक्यातली रमा घरोघरी पोहोचली. परंतु मला ज्या रमाबाईंविषयी लिहावयाचे आहे त्या सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत, विधवा आहेत, आणि मंडळासारख्या संस्थेचा कारभार पाहत आहेत. त्यांची आणि माझी खरी ओळख फार उशिरा झाली. आधी झाली असती तर माझ्या हातून एक चूक टळली असती. ती पुढे येईलच.

रमाबाईंचा जन्म १८६२ सालचा, आजच्या सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी. १८७३ च्या अखेरीस, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले. नवरदेव एकतीस वर्षांचे, बिजवर. विधवेशी विवाह करावा असे मनातून वाटत असताना वडिलांच्या हट्टापुढे मान तुकवलेले महादेव गोविंद रानडे. या गोष्टीवरून त्या काळी न्यायमूर्तींना पुष्कळ बोल लागले, आणि ते अगदीच गैर होते असे मला वाटत नाही. मात्र पुढे त्यांनी जे केले तेही सांगितले पाहिजे. अक्षरओळख नसलेल्या या मुलीला लग्नानंतर त्यांनी लगेच स्वतः शिकवावयास घेतले. या मुलीला काय येत नाही, याची यादी घरात इतर जणी रोज करीतच होत्या. तिला काय येऊ शकेल, हे पाहणारा त्या घरात एकच माणूस होता.

घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी रमाबाईंचा केलेला छळ त्यांच्या आठवणींत जागोजाग आला आहे. इंग्रजी शिकवावयास युरोपियन शिक्षिका येऊ लागल्यावर तर विटाळाचा प्रश्न उभा राहिला आणि धड्यानंतर स्नान केल्यावाचून घरातल्या कामाला हात लावण्याची सोय उरली नाही. पुण्यात मुलींचे हायस्कूल निघावे म्हणून खटपट चालली होती, तेव्हा रमाबाईंनी गव्हर्नरांपुढे इंग्रजीतून भाषण वाचून दाखविले. १८८४ साली ती शाळा हुजूरपागेत सुरू झाली. पण बाहेर त्या वाचनाचे कौतुक होत असता घरी मात्र त्यांना बोलणी खावी लागली. आश्चर्य हे, की १९१० साली आठवणींचे पुस्तक छापले तेव्हाही त्या सासुरवासाचे उट्टे काढावे असे रमाबाईंना वाटलेले दिसत नाही. त्या बायकांनाही त्यांनी माणसे म्हणूनच रंगविले आहे.

त्याच पुस्तकातला एक प्रसंग मला सर्वांत आवडतो. १८८६ साली सरकारच्या वित्त समितीवर न्यायमूर्तींची नेमणूक झाली आणि दोघांचा मुक्काम कलकत्त्यास पडला. रमाबाईंना बंगाली शिकण्याची इच्छा झाली. न्यायमूर्तींना ती भाषा येत नव्हती. त्यांनी पुस्तके आणली, आणि एके सकाळी रमाबाईंनी पाहिले तो काय, हजामत चालू आहे, यजमानांच्या हातात बंगाली पुस्तक आहे, आणि न्हावी त्यांचे उच्चार दुरुस्त करून देत आहे. एवढा विद्वान गृहस्थ, पण जे आपल्याला येत नाही ते समोरच्याला येते, हे त्यांना क्षणात दिसले, आणि ते त्याच्याकडून घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. रमाबाईंना तेव्हा हसू आले होते.

१९०१ च्या जानेवारीत न्यायमूर्ती गेले. रमाबाई मुंबई सोडून पुण्याच्या जुन्या घरी आल्या आणि सुमारे वर्षभर जगापासून दूर राहिल्या. १९०४ साली मुंबईस भारत महिला परिषदेचे पहिले अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली झाले. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देणारी संस्था काढण्याचे मनात आणून रमाबाईंचे साहाय्य मागितले, आणि मुंबईचे सेवासदन उभे राहिले. पुढल्याच वर्षी पुण्यास, रानड्यांच्याच वाड्यात, पुणे सेवासदन निघाले. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर चिटणीस आणि रमाबाई अध्यक्षा, अशी ती जोडी जमली ती रमाबाईंच्या अखेरपर्यंत.

आता माझ्या विषयाकडे येते. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ चे, अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम १८९६ चा. तेथे विधवा घर सोडून राहावयास येत. ते काम थोरच. पण ज्यांना घर सोडता येत नव्हते, ज्यांच्या मागे मुले, सासू, स्वयंपाक होता, त्या प्रौढ बायकांचे काय? सेवासदनाने त्यांच्यासाठी वर्ग काढले. वाचन, शिवण, प्रथमोपचार, पुढे शिक्षिकांचे शिक्षण आणि ससून रुग्णालयात परिचारिकांचे. या यादीकडे मी कितीतरी वर्षे नुसती यादी म्हणून पाहत होते. मग एकदा लक्षात आले, की या बायका यातले बरेचसे घरी करीतच होत्या. रात्र रात्र आजाऱ्याच्या उशाशी बसणे, दिरा-नणंदांची पोरे सांभाळणे, त्यांना पाढे म्हणावयास लावणे, जुन्याचे नवे शिवणे. घरात त्याला काम असे नाव नव्हते, मोल नव्हते. सेवासदनाने त्याला शिक्षणाची जोड दिली आणि वेतन व मान मिळेल अशी वाट काढून दिली.

हे वाटते तितके सोपे नव्हते. ब्राह्मणाच्या विधवेने कोणत्याही जातीच्या रोग्याला स्पर्श करावयाचा, पुरुषांच्या खोलीत जावयाचे, म्हणजे काय गहजब झाला असेल! एका वार्षिक समारंभात केशवपन केलेली, लाल लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतलेली एक वयस्क विधवा बक्षीस घेण्यास व्यासपीठावर चढली आणि वर सज्जात बसलेल्या विद्यार्थ्यांनी हुर्यो केली. समारोपास उठलेल्या रमाबाईंचा आवाज त्या दिवशी निराळाच होता. सुशिक्षित म्हणविणाऱ्या त्या मुलांना त्यांनी त्यांच्याच घरातल्या विधवा बहिणींची, आत्यांची आणि आयांची आठवण करून दिली. सभा चिडीचूप झाली. बक्षीस घेणाऱ्या बाईची दया करा, असे त्यांचे मागणे नव्हते. तिने ते बक्षीस कमावले होते.

रमाबाई कारागृहातल्या स्त्रियांना नियमाने भेटत, सणावारी इस्पितळात फळे-फुले घेऊन जात, आषाढी-कार्तिकीला स्वयंसेविकांसह आळंदीस जाऊन यात्रेकरू बायकांची सेवा करीत. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावयाचे तर त्यातून मुलींना वगळू नये म्हणून पुण्यातल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, त्यांच्या पुढेही त्याच होत्या. १९२४ साली त्या गेल्या तेव्हा पुणे सेवासदनात शिकणाऱ्यांची संख्या हजाराच्या घरात होती. उणे सांगावयाचे तर, आरंभीच्या वर्षांत तेथे येणाऱ्या बहुतेक जणी पांढरपेशा घरांतल्या होत्या. शेतावर, गिरणीत राबणाऱ्या बाईच्या अंगच्या गुणांपर्यंत ती नजर पोहोचावयास वेळ लागला. आपल्याला तरी कोठे लवकर लागते?

हल्ली समाजकार्याच्या महाविद्यालयांत याला सामर्थ्याधिष्ठित दृष्टिकोन म्हणतात. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाच्या अध्यापकांनी १९८० नंतरच्या दशकात तो मांडला, आणि डेनिस सॅलीबी यांनी संपादिलेले त्यावरचे पुस्तक १९९२ साली निघाले. आलेल्या माणसाच्या अडचणींची नोंद करावी, पण तेथेच थांबू नये. इतके दिवस हा माणूस तगला तो कशाच्या बळावर, हेही विचारावे, असा त्याचा थोडक्यात अर्थ. माझ्या पुतणीने मला हे समजावून सांगितले तेव्हा मला त्या न्हाव्याची आठवण झाली. एक धोकाही मला दिसतो. तुम्ही मुळात खंबीर आहात, तेव्हा तुमचे तुम्ही पाहा, असे सांगून मदतीचा हात काढून घेणाऱ्यांना हा विचार फार सोयीचा. सेवासदनाने बायकांना गुणी म्हणून सोडून दिले नाही. वर्ग, वसतिगृह, शिक्षक, पैसा, सगळे उभे केले.

आता माझी चूक. वीसेक वर्षांपूर्वी निराधार स्त्रियांसाठी आपल्या मंडळाने एक फॉर्म छापला होता. नवरा हयात आहे का, कर्ज किती, आजार कोणता, शिक्षण किती, अंगी कौशल्य काय. वस्तीतली एक बाई आली. विचारीन तसतशी ती सांगत गेली आणि मी भरभर लिहीत गेले. शिक्षण नाही, म्हणून पुढल्या रकान्यातही मी न विचारताच नाही असे लिहिले आणि तिला शिवणवर्गात घातले. तिला सुईत दोरा ओवता येईना. डोळे अधू होते. महिन्याभरात ती येईनाशी झाली, आणि बायकांना चिकाटीच नसते, असे मी कार्यकारिणीच्या बैठकीत बोललेही.

पुढे दोन वर्षांनी एका दुखवट्याला त्या वस्तीत गेले असता कळले, की तेथल्या अठरा बायकांची भिशी तीच चालविते. कागद नाही, पेन्सिल नाही. कोणाचा हप्ता कधीचा राहिला, कोणाला बाळंतपणासाठी आधी उचल दिली, सगळे तोंडपाठ, आणि आजवर एकदाही भांडण नाही. त्याच सुमारास आमच्या मंडळाच्या बचतगटाचे हिशेब जुळत नव्हते आणि मी रात्री जागून बेरजा करीत होते!

दुसऱ्या दिवशी मी तिच्याकडे गेले, मंडळात येऊन हे काम पाहा म्हणून विनविले. तिने चहा केला, माझी विचारपूस केली आणि नम्रपणे नकार दिला. तुमच्याकडे एकदा फॉर्म भरून झाला आहे, बाई, एवढेच म्हणाली. रागाने नव्हे. म्हणूनच ते लागले.

फॉर्म आता बदलला आहे. पहिला प्रश्न, आजवर घर कसे चालविलेत, हा आहे आणि उत्तरासाठी अर्धे पान मोकळे ठेवले आहे. जुन्या फॉर्मांची फाइल मात्र मी टाकू दिलेली नाही. मंडळाच्या कपाटात खालच्या कप्प्यात ती आहे, आणि त्या बाईच्या फॉर्मावर कौशल्याच्या रकान्यातले नाही हे माझ्याच अक्षरात आहे.