जीवनाच्या रेणूंचा शोध घेणाऱ्या डॉ. कमला सोहोनी

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या आपल्या या पट्ट्यात शिफ्ट हा शब्द ठाऊक नाही असे घर सापडावयाचे नाही. घरातील कर्ता पुरुष कोणत्या शिफ्टला आहे त्यावर स्वयंपाकाची वेळ ठरते, आणि मुलांचा अभ्यासही त्यावरच ठरतो. परंतु एका मराठी मुलीने इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असेच शिफ्टने काम करून डॉक्टरेट मिळविली, ही हकीकत आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. त्या मुलीचे नाव कमला भागवत. पुढे त्या डॉ. कमला सोहोनी या नावाने प्रसिद्ध झाल्या. ब्रिटिश विद्यापीठाची विज्ञानातील पीएच.डी. मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आपल्या विद्यार्थ्यांनी, विशेषतः विद्यार्थिनींनी, आणि त्याहूनही अधिक पालकांनी त्यांचे चरित्र वाचावे, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

कमलाताईंचा जन्म १९११ च्या सुमारास इंदूर येथे झाला. वडील नारायणराव आणि चुलते माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते आणि बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजेच भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले होते. विख्यात लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. मुलींनी शिकावे की नाही, असा प्रश्नच या घरात कधी निघाला नाही. १९३३ साली कमलाताई मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. रसायन हा त्यांचा मुख्य विषय आणि पदार्थविज्ञान दुय्यम. गुणवत्ता यादीत त्यांचे नाव सर्वांत वर होते. वडील आणि चुलते जेथे शिकले त्याच संस्थेत संशोधन करावयाचे, असे त्यांनी ठरविले व बंगळूरला अर्ज पाठविला.

अर्ज नामंजूर झाला. त्या वेळी संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळविलेल्या या थोर शास्त्रज्ञाचे मत असे होते की, संशोधनाचे काम स्त्रियांचे नव्हे. वडिलांनी व चुलत्यांनी रदबदली करून पाहिली, पण उपयोग झाला नाही. मग कमलाताई स्वतः बंगळूरला गेल्या. आपण कोणत्या कारणाने अपात्र ठरलो हे त्यांनी रामन यांना विचारले, आणि प्रवेश मिळेपर्यंत येथून हलणार नाही असे सांगून सत्याग्रह आरंभिला. तो गांधीजींच्या चळवळीचा काळ होता. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, परंतु अटी घालून. पहिले वर्ष त्यांना रीतसर विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री उशिरापर्यंतही काम करावे लागणार होते. आणि त्यांच्या तेथे असण्यामुळे पुरुष संशोधकांच्या कामात व्यत्यय येता कामा नये, असेही बजावण्यात आले होते. गुणवत्ता यादीत पहिल्या आलेल्या मुलीला हा केवढा अपमान! त्या बोचणीचा कमलाताईंना कधी विसर पडला नाही. तथापि त्यांनी अटी मान्य केल्या आणि कामाला लागल्या.

श्री. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक. त्यांच्या हाताखाली कमलाताईंनी दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. येथे थोडे थांबून प्रथिन म्हणजे काय हे पाहू. सजीवांच्या शरीरात लहान रेणू पुष्कळ असतात, पण शरीराची बांधणी व त्याचे चलनवलन मुख्यतः महारेणूंवर अवलंबून असते. साखरेचे लहान रेणू एकमेकांना जोडून भातातील व बटाट्यातील स्टार्च तयार होतो. आनुवंशिक गुण ज्यात साठविलेले असतात ते डी.एन.ए. हाही महारेणूच. प्रथिन हा तिसरा प्रकार. वीस प्रकारची ॲमिनो आम्ले माळेतील मण्यांप्रमाणे एकापुढे एक गुंफली की प्रथिनाची माळ होते. ही माळ सरळ राहत नाही. ती विशिष्ट रीतीने दुमडते, आणि जसा तिचा आकार होतो तसे तिचे काम ठरते. एखादे प्रथिन स्नायू बनते, एखादे रक्तातून प्राणवायू वाहून नेते, तर एखादे अन्न पचविते. अंडे उकडले की त्याचा पांढरा भाग घट्ट होतो, कारण उष्णतेने प्रथिनाची घडी उलगडते.

कमलाताईंचे काम एक वर्ष पाहिल्यावर रामन यांना आपले मत बदलावे लागले. १९३६ साली कमलाताईंनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्याने मिळविली. त्यांच्यानंतर त्या संस्थेचे दार इतर मुलींनाही उघडले, हे त्यांचे पहिले मोठे यश होय.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून कमलाताई केंब्रिजला गेल्या. तेथील जीवरसायन विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या कार्याबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले होते. परंतु त्यांच्या प्रयोगशाळेत एकही जागा रिकामी नव्हती. तेव्हा डॉ. डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने दिवसा आपले टेबल या परदेशी मुलीला देऊ केले आणि स्वतःचे काम रात्री करण्याचे पत्करले. आपल्याकडे एकाच मशीनवर दोन कामगार पाळीपाळीने काम करतात, तसेच हे झाले. बंगळूरला जागा असून दार उघडत नव्हते आणि येथे जागा नसताना एका माणसाने आपली झोप बाजूला ठेवून ती करून दिली.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर डॉ. रॉबिन हिल यांच्यासमवेत कमलाताईंनी वनस्पतींच्या पेशींतील श्वसनाचा अभ्यास सुरू केला. बटाट्यावर काम करीत असताना त्यांना त्यात सायटोक्रोम सी हे प्रथिन आढळले, आणि ते वनस्पतींच्या पेशींमध्ये सर्वत्र असते असे त्यांनी दाखविले. श्वास म्हणजे केवळ नाकातून हवा आत-बाहेर जाणे नव्हे. खरे श्वसन प्रत्येक पेशीच्या आत चालते. अन्नातील शक्ती तेथे एकदम भडका न होता टप्प्याटप्प्याने मोकळी होते. त्यासाठी इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे दिले जातात व शेवटी प्राणवायूपर्यंत पोहोचतात. कारखान्यातील असेंब्ली लाइनवर माल हातोहात पुढे सरकतो, तसाच हा प्रकार आहे. सायटोक्रोम सी हा त्या साखळीतील एक कामगार. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू असतो आणि तो अणू इलेक्ट्रॉन घेतो व पुढे देतो. माणसाच्या शरीरातील सायटोक्रोम सी १०४ ॲमिनो आम्लांचे बनलेले आहे. वनस्पतींमधील सायटोक्रोम सी त्याच घडणीचे असून बटाट्यात आणि माणसात त्याचे कामही एकच असते. १९३९ साली हिल व कमलाताई यांचा वनस्पतींच्या श्वसनातील एका विकराविषयीचा लेख नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्यांना पीएच.डी. मिळाली. त्यांचा प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा होता.

परदेशात राहून नाव कमविणे त्यांना अशक्य नव्हते, परंतु १९३९ मध्येच त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात व त्यानंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. १९४७ साली श्री. मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह होऊन त्या मुंबईस आल्या आणि इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनाच्या प्राध्यापिका झाल्या. येथून पुढचे त्यांचे संशोधन थेट आपल्या ताटाशी संबंधित आहे.

मांस, मासे, अंडी ज्यांना रोज परवडत नाहीत अशा घरांत प्रथिनांचा मुख्य आधार डाळी व कडधान्ये हाच असतो. पण त्यात एक अडचण आहे. आपल्या लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचे विकर अन्नातील प्रथिनांचे तुकडे करते. विकर हेही बहुधा प्रथिनच असते. कच्च्या कडधान्यांत अशी काही प्रथिने असतात की ती ट्रिप्सिनला जखडून ठेवतात, आणि मग खाल्लेले पुरते अंगी लागत नाही. कमलाताईंनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या रोधक प्रथिनांचा कसून अभ्यास केला. वाल आणि डबल बी यांतून त्यांनी अशी रोधके शुद्ध स्फटिकांच्या रूपात वेगळी काढली. ते संशोधन १९५५ साली नेचरमध्ये प्रसिद्ध झाले. चांगले शिजविल्याने या रोधकांची घडी उलगडते व त्यांचा जोर बराच कमी होतो. कडधान्य भिजवून, मोड आणून नीट शिजविण्याची आपल्या आजीची रीत किती शहाणपणाची होती, हे यावरून ध्यानात येईल.

विकराला जखडण्याची हीच युक्ती औषधातही उपयोगी पडते. १९५४ साली स्थापन झालेल्या आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात जे पेनिसिलीन तयार झाले, ते रोगजंतूच्या भोवतालची भिंत बांधणाऱ्या विकरालाच जखडते. भिंत धड बांधली जात नाही आणि जंतू मरतो. वालाच्या दाण्यातले गुपित आणि पेनिसिलीनच्या बाटलीतले गुपित असे एकमेकांच्या जवळचे आहे.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाताईंनी नीरा या पेयावर संशोधन केले. ताड-माडासारख्या झाडांचा ताजा रस म्हणजे नीरा. तो तसाच ठेवला तर हवेतील यीस्टच्या विकरांमुळे आंबतो व त्याची मादक ताडी होते. ताजी, न आंबलेली नीरा मात्र निर्मळ असून तिच्यात साखर, क जीवनसत्त्व व लोह असते. आदिवासी भागातील कुपोषित मुले व गर्भवती स्त्रिया यांना नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कार्याबद्दल कमलाताईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालकपदासाठी त्यांना पात्रता असूनही काही वर्षे वाट पाहावी लागली. शेवटी ते पद त्यांना मिळाले. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. ग्राहकांच्या हितासाठी १९६६ साली मुंबईत महिलांनी सुरू केलेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटीच्या कार्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९८२-८३ मध्ये त्या संस्थेच्या अध्यक्षा होत्या, आणि तिच्या कीमत या मासिकातून त्या सामान्य ग्राहकांसाठी लिहीत असत. १९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले.

पालक बंधुभगिनींनो, शेवटी एक शिक्षक म्हणून माझा अनुभव सांगतो. गेल्या काही वर्षांत माझ्या वर्गातील तीन मुलींनी दहावीला विज्ञानात उत्तम गुण मिळविले, पण अकरावीचा अर्ज एकीनेही भरला नाही. मी चौकशी केली तेव्हा कॉलेज लांब आहे, दोन बस बदलाव्या लागतात, वडील शिफ्टला असतात मग सोडायला कोण जाणार, अशी कारणे कळली. कारणे खोटी नव्हती. त्या घरांत मुलीविषयी माया नव्हती असेही नाही. चूक माझीही आहे, कारण निकाल लागल्यावर मी त्यांच्या घरी गेलो नाही. गेलो असतो तर त्याच वस्तीतील चार मुली एकत्र जाऊ शकतील काय, किंवा एखाद्या पालकाची वेळ जमते काय, याचा विचार बसून करता आला असता.

कमलाताईंना वडिलांची व चुलत्यांची साथ होती, आणि केंब्रिजला रिक्टर यांनी आपले टेबल दिले. एवढी हुशार मुलगीही एकटी पुढे गेली नाही. म्हणून यंदा निकाल लागताच मी प्रत्येक मुलीच्या घरी जाणार आहे. अकरावीच्या प्रवेशाची तारीख निघून जाण्यापूर्वी आपणही शाळेत येऊन भेटावे, एवढीच विनंती.